भिंतीवरचं सर्टिफिकेट

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "मॅडम, माझ्या गळ्यात लॉ पडलंय." हसू आलं. हा विषय नेहमी नव्या लेक्चररच्याच गळ्यात पडतो. फार्माकॉलॉजी सिनियर लोक धरून बसतात. फार्मसी लॉ अँड एथिक्स काय, कुणीही वाचून दाखवील, असा हिशोब असतो. मुलंही तेच धरून चालतात: १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट, १९४५ चे रूल्स, १९४८ चा फार्मसी ॲक्ट, १९५४ चा औषधांच्या नि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा, १९८५ चा अमली पदार्थांवरचा एनडीपीएस. सनावळी घोकली की पास. पहिली दोन वर्षं मीही नोट्स डिक्टेट केल्या. मुलांनी त्या इमानाने उतरवून घेतल्या आणि परीक्षा झाल्यावर रद्दीत घातल्या.

तू व्याख्यांनी सुरुवात करू नकोस. पहिल्या तासाला जे. जे. हॉस्पिटल सांग. १९८६ साली मुंबईत तिथे ग्लिसरीन दिल्यावर चौदा पेशंट दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. चवीला गोड, रंग नाही, म्हणून तोंडाला संशय येत नाही. मूत्रपिंडं बंद पडतात तेव्हा कळतं. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. एवढं सांगून झालं की मुलांना मागे ने. हेच रसायन १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या सिरपमध्ये होतं, शंभराहून जास्त माणसं मेली आणि पुढच्याच वर्षी तिथला औषधांचा कायदा बदलला. मग पुढे आण: २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर भारतात बनलेल्या सिरपांत हेच सापडल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. आता खडू मुलांच्या हातात दे. ग्लिसरीनची बाटली कारखान्यापासून पेशंटच्या तोंडापर्यंत जाताना किती जणांच्या सह्या लागतात, ते त्यांनाच फळ्यावर लिहू दे. बनवणारा, तपासणारा, पुरवठादार, खरेदी करणारा, स्टोअरकीपर, इन्स्पेक्टर. फळा भरतो. कायदा म्हणजे या सह्या, हे त्यांचं त्यांना दिसतं. वेगळं सांगावं लागत नाही.

जे. जे.च्याच वर्षातली, १९८६ ची, माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बी.फार्म. होऊन माझं लग्न झालं आणि माझं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दिरांच्या ओळखीच्या एका मेडिकलमध्ये भिंतीवर लागलं. तालुक्याचं गाव. मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काही बोलले नाही. महिन्याला त्याच्या भाड्याचे पैसे घरी येत. दुकानात मी फार तर चारदा गेले असेन. एकदा गेले तेव्हा काऊंटरवरचा दहावी झालेला पोरगा एका आजींशी वाद घालत होता. त्यांना आम्लपित्ताची गोळी लिहून दिली होती आणि त्याने दिली होती साखर उतरवायची. दोन नावांत एका-दोन अक्षरांचा फरक, त्यात डॉक्टरांचं अक्षर तसलं. आदल्या दिवशी आजी अंगणात घामाघूम होऊन पडल्या. सुनेला सुचलं, तिने साखरपाणी पाजलं, म्हणून वाचल्या. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या नव्हत्या, मी कोण हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर वर चौकटीत माझं नाव होतं. सर्टिफिकेट मी त्याच दिवशी उतरवून आणलं. घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही.

फार्मसी ॲक्टचं कलम ४२ शिकवायचा दिवस आला की मी ही गोष्ट सांगायची. नोंदणी नसलेल्या माणसाने चिठ्ठीवरची औषधं द्यायची नाहीत, हे ते कलम. आणि १९४५ च्या रूल्समधला रूल ६५ सांगतो की फार्मासिस्टने स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. 'प्रत्यक्ष' या शब्दावर थांब. तुझ्या वर्गातल्या कित्येकांना ॲडमिशन घेतानाच घरून सांगितलेलं असतं, "पास हो, सर्टिफिकेट लावू कुठेतरी, घरबसल्या पैसे येतील." मुलींना तर जास्तच. हे तू वर्गात बोलला नाहीस तर कुणीच बोलणार नाही. पण भाषण देऊ नकोस. भाडं किती मिळतं ते त्यांनाच विचार, त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मग विचार, काऊंटरवर चूक झाली तर नोटीस कुणाच्या नावाने येईल?

प्रॅक्टिकलचं म्हणशील तर खऱ्या चिठ्ठ्या गोळा कर, पेशंटची नावं काळी करून. त्यावर सही आहे का, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, एकूण किती गोळ्या, डोस काय, हे मुलांना शोधू दे. अर्ध्या चिठ्ठ्या तिथेच गळतात. औषध दिल्यावर डॉक्टरच्या सहीच्या वर दुकानाचं नाव-पत्ता नि तारीख टाकायची असते, म्हणजे तीच चिठ्ठी दहा दुकानांत फिरत नाही. ज्यांच्या घरचं मेडिकल आहे त्यांना विचार, हे कधी होताना पाहिलंय का. माझ्या इतक्या वर्षांत दोन हात वर झाले होते. शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवून द्यायच्या औषधांची यादी, मार्च २०१४ पासून लागू झाली, तिचं रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असतं. ते वर्गात भरून घे. गोळ्यांची पट्टी कापायलाही शिकव. एक्स्पायरी नि बॅच छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहिलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट, पण कात्री नेमकी तिथेच चालते.

मुलं हमखास एक प्रश्न विचारतील. रविवार आहे, रोजचे ओळखीचे आजोबा, बीपीच्या गोळ्या संपल्यात, चिठ्ठी जुनी आणि तीवर 'पुन्हा द्या' असं काही लिहिलेलं नाही. द्यायच्या की नाही? नियम म्हणतो, नाही. "कायदा कायदा असतो" म्हणून सुटू नकोस, आणि "माणुसकी बघा" म्हणूनही सुटू नकोस, दोन्ही पळवाटाच. डॉक्टरांना फोन लावा, असं मी सांगायची. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी आता हे सोपं केलंय. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो डॉक्टर व्हॉट्सॲपवर पेशंटला पाठवू शकतात, पेशंटची संमती असेल तर थेट दुकानालाही. झोपेच्या नि नशेच्या गोळ्यांना हीच वाट समजू नका, हे मात्र तिथल्या तिथे सांग. शेड्यूल एक्स ही आणखी कडक यादी आणि एनडीपीएसमधली औषधं त्यातून वगळलेली आहेत. फोन लागलाच नाही तर काय, यावर वर्गाला भांडू दे. मी दरवर्षी भांडू दिलं आणि दरवर्षी माझं उत्तर थोडं बदललं.

डॉक्टरला 'कट' द्यायचा नाही, हे फार्मसी कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. ते वाचून दाखव, मुलं हसतील, हसू दे. पेशंटचं गुपित राखण्यावर मात्र एक अख्खा तास घाल. लहान गावात कुणाच्या मुलीने प्रेग्नन्सी किट नेलं, ही बातमी मेडिकलमधूनच फुटते.

आता तुझ्या स्वतःबद्दल. टर्मच्या शेवटी तुझ्यापुढे हजेरीचं मस्टर येईल. "चार-सहा मुलं लांबून येतात, फी भरलीये, भरून टाका." एका कॉलेजात मी एक वर्ष अशी खोटी हजेरी भरली. नवीन होते, घाबरले. पुढच्या वर्षी वर्गात भाड्याच्या सर्टिफिकेटची गोष्ट सांगत होते, तर मागच्या बाकावरचा एक जण शांतपणे म्हणाला, "मॅडम, सही तर तुम्हीपण भाड्याने देताच की." वर्ग गप्प. मीही. तासाला अजून वीस मिनिटं उरली होती, ती कशी गेली ते आठवत नाही.

म्हणून हजेरी रोज वर्गातच, पेनने घे. गैरहजर मुलाच्या नावापुढच्या घरात रेघ मार, रिकामं घर ठेवू नकोस, कारण रिकामं घर भरता येतं. दर महिन्याच्या पाच तारखेला टक्केवारीची यादी ऑफिसला देऊन पोच घे. जुलैपासून कागद गेलेला असेल तर मार्चमध्ये तुझ्याकडे कुणी येत नाही. आलंच तर तुला 'नाही' म्हणावं लागेल, आणि त्याची किंमत टाइमटेबलमध्ये दिसेल. माझे पुढची दोन वर्षं शनिवारचे शेवटचे तास होते. ते निघून जातात.

माझं एच-वनचं सरावाचं रजिस्टर नि चिठ्ठ्यांची फाइल उद्या एसटीच्या पार्सलने टाकते. रजिस्टरचं शेवटचं पान तेवढं फाड. कुणीतरी तिथे डॉक्टरच्या रकान्यात माझं नाव घालून स्वतःला साठ गोळ्या लिहून घेतल्यात.

तुझ्या,
मॅडम