लॅटिनो स्थलांतरित कुटुंबांसाठीच्या केंद्रात नेमकं काय चालतं? स्पॅनिश न येणाऱ्या मराठी माणसाला तिथे काही करता येईल का?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. सिॲटलजवळ नव्यानं राहायला आलात, बायको एच-४ व्हिसावर (एच-१ वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असल्यानं नोकरी करू शकत नाही, आणि घरापासून दहा मिनिटांवर लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्थलांतरितांसाठी काम करणारी एक सेवाभावी संस्था आहे. तिथे चालतं काय, स्पॅनिश येत नसताना बायकोचा तिथे काही उपयोग होईल का, आणि येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे इथे राहायच्या परवानगीचे कागद नसतात तेव्हा आपल्या व्हिसाला काही होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मीही एच-४ वर असतानाच अशा एका केंद्रात जायला लागले. पुढे कामाचा परवाना मिळाला, नोकरी लागली, पण शनिवार अजून तिथलाच आहे. केंद्र छोटं आहे, सिॲटलच्या दक्षिणेला, नाव इथे देत नाही.

जाण्यापूर्वी माझी कल्पना अशी होती की जुने कपडे आणि डबाबंद अन्न वाटत असतील. ते असतंच. पण पहिल्या महिन्यातच कळलं की खरं काम कागदांचं आहे. एखादी बाई येते आणि प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी करते. चार-सहा महिन्यांची पत्रं, त्यातली अर्धी न उघडलेली. शाळेचं, हॉस्पिटलच्या बिलाचं, घरमालकाचं, कोर्टाचं, आणि मध्येमध्ये क्रेडिट कार्डाच्या जाहिराती. यातलं फेकायचं कुठलं आणि उद्याच उत्तर द्यायचं कुठलं, एवढं सांगायला कुणीतरी हवं असतं. माझे आजोबा तलाठ्याकडून आलेली नोटीस घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे जायचे. इथे गुरुजींच्या खुर्चीत आम्ही बसतो.

केंद्र नसेल तर त्या खुर्चीत बहुतेक वेळा पोर बसतं. नऊ-दहा वर्षांचा मुलगा आईच्या ऑपरेशनचं पत्र वाचून तिला समजावतोय, हे मी पाहिलंय. त्यातला एक शब्द त्यानं मुद्दाम गाळला, हे आमच्या समन्वयक बाईंच्या लक्षात आलं. हॉस्पिटलनं दुभाषा द्यायचा असतो, तो फुकट असतो आणि तो मागता येतो, हे त्या माउलीला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. केंद्राचं निम्मं काम हे असं असतं. सोय आधीच असते, पण तिच्यापर्यंत पोचायची वाट माहीत नसते. मुलाला शाळेत घालताना त्याचे कागद आहेत की नाहीत यावरून शाळा नकार देऊ शकत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८२ सालचा आहे, टेक्ससमधल्या खटल्यातला. तरी दर ऑगस्टमध्ये दोन-तीन कुटुंबं याच भीतीनं प्रवेश लांबवून बसलेली असतात. वॉशिंग्टन राज्यात मुलांचा सरकारी आरोग्य विमा इमिग्रेशनची स्थिती न बघता मिळतो, तेही तसंच.

आणि लॅटिनो म्हटलं की स्पॅनिश, हा समज सोडा. आमच्याकडे ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेली कुटुंबं येतात, त्यांच्या घरात माम बोलतात. माम ही माया भाषांपैकी एक, स्पॅनिशशी तिचं काही नातं नाही. या बायका स्पॅनिशमध्ये विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘सी, सी’ म्हणतात आणि समोरच्याला वाटतं, समजलं. मग फोनवरून मामचा दुभाषा शोधायचा. तो मिळतो दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यात, आणि तीन भाषांतून एक वाक्य जायला दोन मिनिटं लागतात. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या आजीला सरकारी दवाखान्यात मराठीतून पथ्यपाणी सांगितलं की जे होतं, तेच इथे होतं. म्हणून केंद्रं वस्तीतल्याच बायकांना तयार करतात. त्यांना ‘प्रोमोतोरा’ म्हणतात. आपल्या आशाताईंसारखं त्यांचं काम: मधुमेह, लसी, बाळंतिणीची विचारपूस. पत्रकं छापून जे होत नाही ते एक प्रोमोतोरा लॉन्ड्रीत कपडे वाळेपर्यंत करून येते.

आता कर. मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी मला ऐकवतंच, “ते लोक कुठे टॅक्स भरतात!” भरतात. सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी पेन्शन आणि कर यांसाठीचा क्रमांक) मिळू शकत नाही अशांसाठी १९९६ पासून करखातं वेगळा नऊ आकडी क्रमांक देतं, पहिला आकडा नेहमी ९. तुमच्या बायकोचं नाव तुमच्या कराच्या फॉर्मवर घालायला तुम्हालाही बहुधा हाच क्रमांक काढावा लागेल. आम्ही काढला तेव्हा कुणीतरी सांगितलं की मूळ पासपोर्ट टपालानं ऑस्टिनला पाठवा. माझ्या पोटात गोळा आला होता. पुढे कळलं की कागदपत्रं तपासून प्रमाणित करायची मान्यता असलेले एजंट असतात, आणि आमच्या केंद्रातच तशी एक व्यक्ती बसते. मी या केंद्राचं दार पहिल्यांदा उघडलं ते समाजसेवेसाठी नाही, माझा पासपोर्ट वाचवायला.

जानेवारीच्या अखेरीपासून १५ एप्रिलपर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. करखात्याचाच एक कार्यक्रम आहे, त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे कर फुकट भरून देतात. ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते, पुस्तक उघडं ठेवून. तिथे माझ्या मनातलं सगळ्यात अवघड टेबल म्हणजे साफसफाईचं किंवा बागकामाचं काम करणाऱ्यांचं. वर्षभर आठवड्याला चेक मिळतो, पगार म्हणूनच घरी आणलेला. मार्चमध्ये आमच्यासमोर जो कागद येतो त्यावर तो नोकर नसून कंत्राटदार आहे असं निघतं. म्हणजे कुणी काहीच कापलेलं नाही, आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. एवढे पैसे भरायचेत हे ऐकल्यावर माणूस आधी हसतो, कारण त्याला वाटतं मी आकडा चुकले. मग आम्ही खर्च शोधायला लागतो: गवत कापायचं यंत्र, गाडीचे मैल, झाडू, रसायनं. पावत्या नसतात. पुढच्या वर्षासाठी एक वही देतो. काही जण खरंच ती वही भरून आणतात.

केंद्र सरकारची कमी उत्पन्नवाल्यांसाठीची मोठी करसवलत या ९ वाल्या क्रमांकावर मिळत नाही. २०२५ च्या कायद्यानंतर, दोघांपैकी एकाही पालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर मुलांमागची सवलतही गेली, मूल अमेरिकन नागरिक असलं तरी. वॉशिंग्टन राज्यानं २०२३ पासून स्वतःची एक परतावा योजना सुरू केली, ती मात्र त्यांना मिळते. पगारातून सोशल सिक्युरिटी, म्हणजे पेन्शनचा वाटा, कापला जातो त्यांना म्हातारपणी त्यातलं काही हाती लागत नाही. (हसू नका. दहा वर्षं भरायच्या आत भारतात परत गेलात तर तुमचंही तेच होणार आहे, भारत-अमेरिकेत ही वर्षं धरायचा करार नाही.) तरी ते भरतात, कारण कधी कायद्याची एखादी खिडकी उघडलीच तर इतकी वर्षं इथे राहिलो, सरळ राहिलो, याचा पुरावा म्हणून हीच भेंडोळी दाखवायची असते. एप्रिल २०२५ मध्ये करखात्यानं इमिग्रेशन खात्याला माहिती देण्याचा करार केला. प्रकरण कोर्टात गेलं. पण त्यानंतर समोरचा माणूस विचारतो, “भरू की नको?” आणि याचं उत्तर स्वयंसेवकानं द्यायचं नसतं. वकिलाची वेळ घेऊन द्यायची.

वकिलावरून आठवलं. मराठी माणसाला चटकन समजेल अशी एक फसवणूक इथे फार चालते. मेक्सिकोत ‘नोतारियो पुब्लिको’ म्हणजे मानाचा, सरकारनं नेमलेला कायदेपंडित. अमेरिकेत नोटरी म्हणजे सही बघून शिक्का मारणारा माणूस, त्यापलीकडे काही नाही. आपल्याकडेही नोटरी व्हायला आधी वर्षानुवर्षं वकिली करावी लागते, म्हणून आपणही इथल्या पाटीला फसलो असतो. पाटी लावून बसलेला इसम हजारो डॉलर घेतो, चुकीचा अर्ज भरतो, आणि त्या अर्जानंच कुटुंब इमिग्रेशन कोर्टात ओढलं जातं. त्या कोर्टात सरकार वकील देत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही नाही. म्हणून केंद्रं वकिलांच्या मोफत भेटी ठेवतात, शिवाय वकील नसूनही न्याय खात्याची मान्यता मिळालेले प्रतिनिधी काही ठिकाणी असतात. तुमच्या बायकोला पहिल्याच दिवशी बजावतील: इमिग्रेशनच्या फॉर्मबद्दल मत द्यायचं नाही, कितीही सोपा प्रश्न वाटला तरी. एच-१, एच-४ची पाळंमुळं आपल्याला पाठ असतात ना, म्हणून आपल्याला जास्तच खुमखुमी असते.

केंद्रं सुरू कशी झाली हे बघायचं असेल तर सिॲटलच्या बीकन हिल भागात एकदा जाऊन या. १९७२ मध्ये सिॲटलच्या एका कम्युनिटी कॉलेजातल्या इंग्रजीच्या वर्गाचे पैसे बंद झाले. ११ ऑक्टोबरला कार्यकर्ते रोबेर्तो माएस्तास आणि त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी, शिक्षक तिथल्या बंद पडलेल्या शाळेत घुसले आणि बाहेर आलेच नाहीत. ना पाणी, ना थंडीत ऊब. महिनोन्महिने बसले, शेवटी शहरानं ती इमारत वर्षाला एक डॉलर भाड्यानं दिली. तेच आजचं ‘एल सेंत्रो दे ला रासा’. बालवाडी, अन्नपेढी, म्हाताऱ्यांचं जेवण, आणि २०१६ पासून शेजारीच परवडणारी ११२ घरं. सगळं एका इंग्रजीच्या वर्गावरून.

आणि इंग्रजीचा वर्गच तुमच्या बायकोसाठी सगळ्यात सोपी सुरुवात. वर्ग घेणारे शिक्षक वेगळे असतात, तुम्ही चार जणींबरोबर टेबलाशी बसून बोलायचं. स्पॅनिश येत नसेल तर उलट बरं, त्यांना इंग्रजी बोलावंच लागतं. हळूहळू स्पॅनिशही येतं, आणि मराठीवाल्याला लवकर येतं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ‘मे गुस्ता एल काफे’ समजायला आठवडा जातो; आपल्याकडे ते शब्दाला शब्द लावून ‘मला कॉफी आवडते’ असंच आहे. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे ‘माझं डोकं दुखतं’. त आणि द आपल्याला शिकवावे लागत नाहीत. तिला बायका ‘हिंदू’ म्हणतील. धर्म विचारत नाहीत, भारतीय माणसाला तिकडे तोच शब्द आहे. आणि लाल रंगाचं आंबट सरबत पुढे आलं तर घ्या, ती लाल अंबाडीच असते.

अन्नवाटपाच्या दिवशीही हात लागतात. डबाबंद कॉर्न सूप कुणी नेत नाही, सुके घेवडे आणि मक्याचं पीठ पहिल्या अर्ध्या तासात संपतं. देणगीदारांना हे कितीदा सांगितलं तरी सूप येतंच.

आता तुमची भीती. नोंदणीकृत संस्थेत इंग्रजी शिकवणं, धान्य भरणं, कराचे फॉर्म भरणं यानं व्हिसाला सहसा बाध येत नाही. एका गोष्टीची काळजी घ्या: ज्या कामासाठी ती संस्था एरवी पगारी माणूस ठेवते ते काम एच-४ वर फुकट करणंही अडचणीचं ठरू शकतं. पुढे पगार देऊ असं तोंडी आश्वासन तर घ्यायचंच नाही. आणि कुणालाही ‘तुमचं स्टेटस काय’ विचारायचं नाही. मी विचारलं होतं, दुसऱ्या आठवड्यात, अगदी सहज, आपण पार्टीत एकमेकांना ‘ग्रीन कार्ड कुठवर आलं’ विचारतो तसं. ती बाई हसली, पर्स उचलली आणि निघून गेली. परत आली ती आठ महिन्यांनी, तेही समन्वयक बाई दोनदा घरी जाऊन आल्यावर. ज्याची नोंद नाही ते कुणी मागूच शकत नाही, म्हणून केंद्र ते लिहूनही ठेवत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शाळा, चर्च, दवाखाने इथे धरपकड टाळायचं जुनं धोरण सरकारनं मागे घेतलं. त्यानंतरच्या सोमवारी आमच्या वर्गात बावीसपैकी सहा जणी आल्या. तेव्हापासून एक नवं काम वाढलंय: कुटुंबाची तयारी. शाळेतून मूल कोण आणेल, त्या माणसाच्या नावे अधिकारपत्र झालंय का, इथे जन्मलेल्या पोराचा पासपोर्ट काढलाय का, दमा असेल तर औषध कुठल्या कपाटात आहे. एका फाइलमध्ये सगळं. दारावर कुणी आलं तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणि इमिग्रेशन खात्याचा स्वतःचा कागद यातला फरक ओळखायला आम्हा स्वयंसेवकांनाही शिकवलं. तुमच्या बायकोलाही शिकवतील. ऐकताना अंगावर काटा येतो, पण पुढच्या टेबलावर कुणीतरी मुलांना कागदाची फुलं करायला बसवलेलं असतं, तेही आईला हे सगळं शांतपणे लिहिता यावं म्हणूनच.

फोन करण्यापेक्षा तिला प्रत्यक्ष जाऊ द्या, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी. बहुतेक ठिकाणी पार्श्वभूमी तपासणी होते, त्यात दोन-तीन आठवडे जातात. कराच्या कामाला यायचं असेल तर नोव्हेंबरमध्येच नाव द्यावं, परीक्षा डिसेंबर-जानेवारीत असते. आणि आठवड्याचे तीनच तास सांगायचे, पण ते चुकवायचे नाहीत. पहिल्या वर्षी मी दहा तास कबूल केले होते. दिवाळीनंतर भारतात दोन महिने गेले, आणि परत आले तेव्हा माझ्या टेबलावरच्या चौघींपैकी दोघी दुसऱ्या वर्गाला लागल्या होत्या.