देवावर राग येतो, म्हणजे विश्वास गेला का?

प्रश्न: माझ्या पतींना पक्षाघाताचा झटका येऊन सव्वा वर्ष झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सुरुवातीला मी पहाटे चारला उठून प्रार्थना करायची, आठवड्यातून तीन दिवस उपास धरायची. आता गुडघे टेकले की शब्दच फुटत नाहीत, आणि फुटलेच तर रागाचे असतात. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, काहीजणी म्हणतात, घरात काहीतरी लपलेलं पाप असणार. प्रार्थनेसाठी येणारे एक गृहस्थ म्हणाले, विश्वास खरा असेल तर गोळ्या बंद करून दाखवा. मी देवाशी बेइमान झाले आहे का? आणि माझी दहा वर्षांची मुलगी विचारते, देव पप्पांचं का ऐकत नाही? तिला काय सांगू?

उत्तर:

प्रिय ताई,

आधी गोळ्यांचं. त्या बंद करू नका, एक दिवसही नाही. पक्षाघातानंतर रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठी देतात. त्या अचानक थांबवल्या तर तोच धोका वाढतो. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार हवा असेल तर त्यातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा अध्याय २० काढा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याला आणखी १५ वर्षं देण्याचं वचन दिलं, आणि त्यानंतर यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं. वचन मिळालं होतं तरी लेप लावला गेला, आणि त्यावरून त्या राजाला कोणी अविश्वासी म्हटलं नाही. त्या गृहस्थांना दारातच सांगा, ‘औषधं डॉक्टर ठरवतील. तुम्हाला प्रार्थना करायची असेल तर या.’ तरीही अडून बसले तर पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, कानावर घाला.

आता लपलेल्या पापाचं. बायबलमधल्या ईयोबाने मुलं, संपत्ती आणि आरोग्य गमावलं. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ हेच ते फिरून फिरून म्हणत राहिले. ईयोब मात्र आपल्या जन्मदिवसाला शाप देत होता, देवाला जाब विचारत होता. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर, आणि म्हणतो की माझ्याविषयी यथार्थ बोलला तो माझा सेवक ईयोब. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचं, याचं की आईबापांचं?’ असं विचारलं, तेव्हा येशूनेही दोन्ही नाकारलं. त्या बायकांशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. ‘मला आत्ता कारण नको, सोबत हवी आहे’ एवढं म्हणा आणि विषय बदला.

तुमचा मूळ प्रश्न बेइमानीचा आहे. ताई, राग देवाला सांगणारी बाई देवाला सोडून गेलेली नसते. सोडून जाणारा माणूस त्याच्याशी बोलणं थांबवतो आणि त्याच्याविषयी दुसऱ्यांशीच बोलत राहतो. तुम्ही गुडघे टेकता आणि राग त्याच्याच पुढ्यात ओतता. यालाच धरून राहणं म्हणतात. परीक्षेच्या काळात मन भरून यावं, शांती वाटावी अशी आपली अपेक्षा असते. ती वाटली नाही की आपण स्वतःलाच दोषी ठरवतो. पण निष्ठा काय वाटतं यावर मोजत नाहीत.

मग शब्द का फुटत नाहीत? माझ्या मते पहिलं कारण शरीर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्रीचं ते तुम्हीच करत असाल, आणि वर पहाटे चार आणि तीन उपास! १ राजे, अध्याय १९ मधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, ऊठ आणि खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. तो खातो, झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. देवाचा मंद वाणीतला आवाज त्याला ऐकू येतो तो नंतर, होरेब डोंगरापर्यंतची ४० दिवसांची वाट संपल्यावर. तेव्हा उपास आणि पहाटेची वेळ तूर्त सोडा. झोप भरून काढणं हीच सध्या तुमची सेवा आहे असं समजा.

प्रार्थना लहान करा आणि कामाला बांधा. बायबलमधला दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, संकट आलं तेव्हाही नेहमीप्रमाणेच. तुम्हीही तीनच वेळा ठरवा, पण वेगळ्या बसू नका. सकाळी पतींचं अंग पुसताना, दुपारी भरवताना, रात्री शेवटची कूस बदलताना एक ओळ म्हणा. ‘प्रभू, दया कर’ पुरे आहे. एखादी वेळ चुकली तर दुसऱ्या वेळी दुप्पट करू नका. भरपाई सुरू झाली की हिशेब सुरू होतो, आणि हिशेब थकवतो.

आठवड्यातून एकदा मात्र वही घेऊन बसा, वीस मिनिटं. समोर बायबलमधलं १३ वं स्तोत्र ठेवा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो, मधल्या दोनमध्ये मागणं आहे, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. याच क्रमाने स्वतःचं लिहा. इथे चूक दोन ठिकाणी होते. एक, तक्रार सभ्यपणे गुंडाळली जाते. ‘थोडा त्रास होतो’ असं लिहू नका. ‘रात्री तीनला ते रडतात आणि मला त्यांचा राग येतो’ असं लिहा. मागणंही तितकंच नेमकं असू द्या. दुसरी चूक म्हणजे भरवसा ओढून आणणं. न वाटणारं वाक्य लिहिलं की पुढच्या वेळी वही उघडावीशी वाटत नाही. तो भाग कोरा ठेवा. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

‘हे उठून बसले तर मी अमुक करीन’ असा सौदा मात्र टाळा. बरं वाटायला वेळ लागला की त्यातूनच ‘माझंच काही कमी पडलं’ हे येतं. राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांना जळत्या भट्टीत टाकणार होते, तेव्हा ते म्हणाले, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. बरं होण्यासाठी मागत राहा. प्रेषित पौलाने आपल्या ‘शरीरातल्या काट्यासाठी’, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. मागणं चुकलं असं त्याला कोणी म्हटलं नाही.

मंडळीकडे ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच मागू नका. ‘गुरुवारी रात्री दहा ते पहाटे पाच कोणी यांच्याजवळ थांबेल का?’ असं विचारा. येशूनेही पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत मित्रांना जागं राहायला सांगितलं होतं. येणाऱ्याला कूस कशी बदलायची ते आधी दिवसा एकदा करून दाखवा, नाहीतर तुम्ही झोपणार नाही. रविवारी जाणं जमत नसेल तर पाळकांना घरी येऊन प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ घ्यायची भाकर आणि द्राक्षरस) द्यायची विनंती करा. कोणी साक्ष द्यायला, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगायला, उभं करू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आणखी एक, हे टाळू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर पतींच्या डॉक्टरांना स्वतःविषयीही सांगा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, घरातल्या एका माणसाला सोबत घेऊन जा.

मुलीला खोटं कारण देऊ नका. ‘देव परीक्षा घेतोय’ म्हणालात तर वडिलांचं आजारपण तिच्याच वागण्यावर ठरतंय असं तिला वाटू शकतं. ‘मला माहीत नाही, मीही त्याला हेच विचारते, चल, दोघी मिळून विचारू’ असं म्हणा. तिच्यासमोर डोळ्यात पाणी आलं तरी चालेल. रात्रीच्या प्रार्थनेत तिला स्वतःची एक ओळ म्हणू द्या, आणि ती रागाची निघाली तरी मध्येच दुरुस्त करू नका.