रकान्यात एकच खूण केली म्हणून लेक खोटं बोलत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नाशिकच्या, नवरा मिनेसोटातल्या नॉर्वेजियन घराण्यातला, लेक तेरा वर्षांची. शाळेच्या फॉर्मवर 'वंश' या प्रश्नापुढे तिने फक्त 'एशियन'वर खूण केली, 'व्हाइट' मोकळं सोडलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दोन्हींवर खूण करायला लावू का, आणि एकावरच केली तर ते खोटं ठरेल का, असं तुम्ही विचारलंय.

खोटं ठरत नाही. इथे अमेरिकेत वंशाचा रकाना ज्याचा त्यानेच भरायचा असतो, तो रक्ताच्या हिशेबाने कुणी तपासत नाही. 1960 च्या आधी जनगणनेचा माणूस दारात येऊन, चेहरा बघून स्वतःच वंश लिहून जायचा. एकाहून जास्त रकान्यांवर खूण करायची मुभा तर 2000 च्या जनगणनेपासूनची. त्याआधी मिश्र घरातल्या मुलांना आई किंवा बाप यांतलं एक निवडावंच लागायचं. आज मुभा आहे, सक्ती नाही. बराक ओबामांची आई गोरी होती, तरी 2010 च्या जनगणनेत राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी एकट्या 'ब्लॅक'वर खूण केली. त्यांना कुणी खोटं ठरवलं नाही.

शाळेच्या फॉर्मचं एक मात्र लक्षात ठेवा. दोन्हींवर खूण केली की सरकारकडे जाणाऱ्या आकड्यांत मूल 'दोन किंवा अधिक वंश' या गटात जातं, तिथे एशियन कोण नि व्हाइट कोण हे दिसत नाही. आणि रकाना कोराच सोडला तर शेवटचा उपाय म्हणून शाळेतलं कुणीतरी मुलीकडे बघून तो भरू शकतं. म्हणून काहीही करा, पण कोरा सोडू नका. आपलं नाव परक्याने ठरवण्यापेक्षा तिने एकावर खूण केलेली केव्हाही बरी.

आता सासूबाईंकडे येते, कारण त्यांच्या जागी मी बसून आले आहे.

माझा नवरा जॉर्जिया राज्यातला, कृष्णवर्णीय. आम्हाला दोन मुलं. थोरली लेक पहिल्यापासून प्रत्येक फॉर्मवर 'ब्लॅक' आणि 'एशियन' दोन्हींवर खूण करत आली. धाकटा सतरा वर्षांचा असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून कॉलेजचा अर्ज भरत होता. मी पोह्यांची बशी ठेवायला वाकले आणि पडद्यावर नजर गेली. एकच खूण होती, 'ब्लॅक'वर. मी बशी ठेवली आणि म्हटलं, "मी कुठे गेले रे?" तो माझ्याकडे न बघता मराठीतच म्हणाला, "आई, दुकानात माझ्या मागेमागे माणूस फिरतो ना, तो मला तू मराठी आहेस का असं विचारत नाही."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर मला वाटत राहिलं की नऊ महिने पोटात वाढवलं, अंगाई म्हटली, आणि याने मला एका खुणेत पुसून टाकलं. त्याच्या वाक्याचा अर्थ कळायला मला बरेच महिने लागले. फॉर्मने त्याला 'तुझं कुणावर प्रेम आहे' असं विचारलंच नव्हतं. लोक तुला काय समजून वागवतात, या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं होतं. विशेष म्हणजे माझ्या दोन मुलांत अस्खलित मराठी बोलतो तो हाच. सांगलीच्या आजीला दर रविवारी फोन करणारा हाच होता. दोन्ही खुणा करणाऱ्या लेकीला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. दोघंही माझी तितकीच आहेत. त्या चौकटीवरून मला हे कधीच ओळखता आलं नसतं.

तुमच्या लेकीलाही एकदा निवांतपणे विचारा की एशियनच का. ओरडून नको, गाडीत शेजारी बसलेली असताना विचारा. बहुधा उत्तर शाळेतूनच आलेलं असेल. वर्गात तिला 'तू मूळची कुठली' असं विचारत असतील, आणि आजीच्या घरच्या गोऱ्या चुलतभावंडांना तोच प्रश्न कुणी विचारत नसेल. जिला सगळे वेगळी म्हणून बघतात तिने वेगळ्या रकान्यावर खूण केली, यात आजीचा नकार नाही.

रकान्यांवर फार विसंबू नका असं मी म्हणते, त्याला आपल्याच लोकांचा इतिहास कारण आहे. भगतसिंग थिंद हे अमृतसरकडचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. 1923 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शास्त्राप्रमाणे ते कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच मोठ्या वंशातले, असतीलही, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे ते गोरे नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही. तेव्हाच्या जनगणनेत भारतीयांसाठी 'हिंदू' हाच वंश होता. 1920 ते 1940 अशा तीन जनगणनांत तो छापलेला आहे, आणि त्यात शीख आले, मुसलमानही आले. 1970 च्या जनगणनेत तेच भारतीय 'व्हाइट' मोजले गेले. 1980 मध्ये 'एशियन इंडियन' झाले. तुमच्या-माझ्यासारख्या माणसांच्या वंशाला एका आयुष्याच्या आत तीन वेगळी नावं मिळाली आणि माणसं होती तीच राहिली. मार्च 2024 मध्ये सरकारने नियम पुन्हा बदललेत, त्यात मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांना वेगळा रकाना मिळालाय. तुमची लेक मोठी होईपर्यंत अजून काही बदलेल.

तिला एक गोष्ट मात्र कधी म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका: 'अर्धी मराठी, अर्धी गोरी'. सहज बोलतो आपण, मीही बोलायचे. नंतर वाचलं की 1890 च्या जनगणनेत मोजणाऱ्यांना कृष्णवर्णीयांचं रक्त पाव किती, अष्टमांश किती हे ठरवून लिहायला सांगितलं होतं. व्हर्जिनियात 1924 च्या कायद्याने कृष्णवर्णीय रक्ताचा एक थेंबही गोरेपण घालवायला पुरेसा ठरवला. माझ्या नवऱ्याच्या आजीआजोबांचं सगळं आयुष्य असल्या हिशेबाखाली गेलं. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत सोळा राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय माणसांचं लग्न बेकायदा होतं. हे कळल्यापासून माझ्या तोंडून 'अर्धी' हा शब्द निघत नाही.

माझ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. 2003 मध्ये सहा वर्षांच्या लेकीला घेऊन सांगलीला गेले होते. आईने नेहमीसारखं तेल थापलं आणि तिच्या दाट कुरळ्या केसांत बारीक दातांची फणी घातली. फणीचे दोन दात तुटले, पोर रडून लाल झाली. दुसऱ्या दिवशी आईने केस आधी ओले केले, खोबरेल लावून बोटांनीच गुंता सोडवला आणि पायरीवर बसून सहा बारीक वेण्या घातल्या. शेजारच्या काकू थांबून विचारत होत्या, "ही कुणाची गं?" आई मान वर न करता म्हणाली, "माझी." किती टक्के वगैरे काही नाही.

एकाच ठिकाणी मी हट्ट धरीन, आणि ते म्हणजे डॉक्टरकडे. तिथे तिने दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत, मन एकीकडे असलं तरी. आपल्या लोकांत मधुमेह कमी वजनावरही होतो, म्हणून इथे एशियन प्रौढांची तपासणी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 23 पासून सुचवतात, बाकीच्यांची 25 पासून. आईबापांत कुणाला बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहकपणा आहे का हेही विचारलं जातं. तिथे घराण्याची माहिती औषधाइतकीच उपयोगी असते, ती पूर्ण द्यावी.

राहिला कॉलेजचा प्रश्न, कारण पुढे तोही येणार. सर्वोच्च न्यायालयाच्या जून 2023 च्या निकालानंतर प्रवेश देताना नुसत्या वंशाच्या खुणेला वजन देता येत नाही. वंशामुळे आपल्यावर काय गुदरलं हे मुलगी निबंधात लिहू शकते. तेव्हा कुठली खूण फायद्याची, हे गणित घरात मांडूच नका. ते मांडलं की मुलीला वाटतं, आपण म्हणजे अर्जातली एक युक्ती.

सासूबाईंना हे सगळं समजावत बसू नका, त्यांना काम द्या. नॉर्वेजियन घरांत नाताळच्या सुमारास लेफसे करतात, बटाट्याची पातळ पोळी. खाचांचं लाटणं असतं आणि उलटायला लांब चपटी काठी. तुमची लेक पोळ्या लाटते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हात तयार आहे. या हिवाळ्यात एक अख्खा दिवस दोघींना त्या स्वयंपाकघरात एकटं सोडा. पणजोबा कुठल्या गावाहून आले, इथे येऊन काय केलं, हे लाटता लाटता आजीने सांगावं. तुम्ही मध्ये जाऊ नका, फोटोसुद्धा काढायला नको. संध्याकाळी चार लेफसे घरी पाठवायला सांगा.