चेहरा गोल आणि कपाळ लहान असेल तर लग्नात बिंदी घालावी की बिजवरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोल चेहऱ्याला लांब मांगटिका, म्हणजे बिंदी, शोभते असं सगळीकडे वाचलंत, पण घालून पाहिली तर पदक थेट भुवयांवर येतं. लग्न मराठी पद्धतीचं, विधींना नऊवारी आणि संध्याकाळी रिसेप्शनला घागरा. शिवाय सासूबाईंनी त्यांचा चंद्रकोरीच्या आकाराचा मोत्यांचा बिजवरा दिलाय आणि तो एकदा तरी घालायचाच आहे. मी पुण्यात नवरीचा मेकअप आणि केशरचना करते. हा पेच बऱ्याच मुलींना पडतो.

चेहऱ्याचा आकार जरा बाजूला ठेवा आणि आधी कपाळ मोजा. केस जिथे सुरू होतात तिथपासून भुवयांपर्यंत हाताची बोटं आडवी ठेवून बघा. चार बोटं नीट बसली तर जवळपास काहीही घालता येतं. तीन किंवा त्याहून कमी बसत असतील तर कपाळावर लांब लोलकाला जागाच नाही, कारण खाली टिकलीही यायचीय. ‘गोल चेहऱ्याला लांब दागिना’ हा सल्ला चुकीचा नाही. फक्त तो देणारा कपाळ मोठं आहे असं धरून चाललेला असतो.

मुळात चेहरा लांबट दिसतो तो पदकामुळे नाही, भांगातल्या सरीमुळे. मधोमध सरळ भांग, त्यात एकपदरी बारीक सर, समोर किंचित पफ काढून डोक्याला आलेली उंची, आणि शेवटी अंगठ्याच्या नखाएवढं छोटं पदक. हे पदक अर्धं केसांच्या रेषेवर आणि अर्धं कपाळावर बसवायचं. मग टिकलीला खाली मोकळी जागा राहते आणि नजर वरून खाली सरळ उतरते. लोलकाला खाली एखादा मोती लोंबत असेल तर तो काढून घ्या. एवढ्याशा कपाळावर तो एक मोतीसुद्धा जास्त होतो.

आता विधींचं. तिथे मुंडावळ्या असणारच, आणि बाहेरच्या सल्ल्यांमध्ये नेमका त्यांचाच विचार नसतो. मुंडावळ्यांचे पदर कपाळावर आडवे येतात आणि दोन्ही कानांपाशी सर खाली सुटतात. या सुटलेल्या सरी गोल चेहऱ्यासाठी वरदान आहेत. गालांच्या कडा झाकल्या जातात आणि उभ्या रेषा मिळतात. आडवा भाग मात्र तुमच्या कपाळाची बरीचशी जागा खाऊन टाकतो. त्यात चंद्रकोर टिकली, डावीकडे नथ, कानांत कुड्या, वर बुगड्या. एवढ्या गर्दीत बिंदी घातली तर ती कोणाला दिसणारही नाही आणि अक्षता तेवढ्या तिच्यात अडकून बसतील. म्हणून माझं स्पष्ट मत: विधींच्या वेळी बिंदी नकोच. मुंडावळ्या बारीक मोत्यांच्या, शक्यतो एकपदरी घ्या, त्या केसांच्या रेषेला लागून बांधा आणि बाजूच्या सरी हनुवटीच्या खालपर्यंत पोचतील एवढ्या लांब ठेवा. गालाच्या मध्येच संपणाऱ्या सरी चेहरा उलट रुंद दाखवतात.

बिजवऱ्यासाठी माझ्या मते आदल्या संध्याकाळचा सीमांतपूजन-वाङ्निश्चयाचा कार्यक्रम सगळ्यात उत्तम. मुंडावळ्या तेव्हा बांधल्या नसतील तर कपाळ मोकळं असतं, साडी काठापदराची असते, आणि सासरची माणसं समोरच बसलेली असल्याने ज्यांनी दिला त्यांना तो दिसतोही. अर्धचंद्राचा आकार आडवा पसरतो, त्यामुळे गोल चेहऱ्यावर तो खाली उतरला तर चेहरा आणखी रुंद वाटतो. उपाय साधा आहे: तो वर ओढून घ्या. चंद्राची वरची कड केसांवर आणि फक्त खालचे मोती कपाळावर. सर लांब पडत असेल तर कापू नका. आकडा मागच्या टोकाऐवजी मधल्या एखाद्या कडीत अडकवून उरलेला भाग अंबाड्यात लपवता येतो. मोती जुन्या दोऱ्यात ओवलेले असतील तर कार्यक्रमाआधी गाठवून घ्याच. दोरा कुजलेला असला तरी वरून कळत नाही आणि तुटतो तो नेमका फोटोच्या वेळी. त्या दिवशी टिकली चंद्रकोरीची लावू नका. एका चंद्राखाली दुसरा चंद्र बरा दिसत नाही. बारीक गोल टिकली पुरे.

रिसेप्शनला घागऱ्यावर दुकानदार तुम्हाला माथापट्टी दाखवतील. ती आडवी जाते आणि लहान कपाळ आणखी लहान करते, तेव्हा नको म्हणा. राजस्थानी बोरला गोलाकार आणि फुगीर असतो. देखणा असला तरी गोल चेहऱ्यावर ती आणखी एक गोलाई होते. तमिळ नेत्तिचुट्टी भांगाबरोबरच केसांच्या कडेनेही पसरते आणि तिचा साज कांजीवरमवर जास्त खुलतो. बिंदीच हवी असेल तर वर सांगितलेली छोट्या पदकाची घाला, पण तुम्हाला मी झूमर सुचवेन. लखनौ-हैदराबादकडच्या मुस्लिम नवऱ्या घालतात तो, पासा असंही म्हणतात. तो डोक्याच्या एका बाजूला, बहुतेक वेळा डावीकडे, केसांवरच बसतो. कपाळाची जागा फारशी मागत नाही आणि त्याच्या तिरक्या रेषेमुळे चेहऱ्याची गोलाई मोडते. बाजूला भांग पाडून मोकळे केस ठेवणार असाल तर फारच छान. फक्त मग कानातले लहान घ्या.

हे उत्तर दुसऱ्या कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोन शब्द. चेहरा लांबट आणि कपाळ मोठं असलेल्यांनी माथापट्टी, रुंद बिजवरा बिनधास्त घालावा, त्यांच्यावर तो शोभतोच. जबडा चौकोनी असेल तर टोकदार पदकापेक्षा गोल किंवा थेंबाच्या आकाराचं बरं. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर मधोमध एकच ठसठशीत पदक पुरतं. अंडाकृती चेहऱ्याच्या मुलींना सल्ल्याची गरज नसते, त्यांना सगळंच चांगलं दिसतं.

खरेदी मात्र केशरचना ठरल्यावरच करा. पफ किती उंच, अंबाडा की खोपा की मोकळे केस, हे ठरायच्या आत बिंदी घेऊन ठेवणं म्हणजे गुडघ्याला बाशिंग. पफ असेल तर सर त्यावरून जाते आणि तीच बिंदी बोटभर वर चढते. केशरचनेची चाचणी होईल तेव्हा अंबाड्यापासून कपाळापर्यंत दोरा धरून लांबी मोजा आणि तो दोराच दुकानात घेऊन जा.

दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून पसंत करू नका. मान खाली घालून बघा. लग्नाच्या दिवशी नवरीची मान बऱ्याच वेळा खालीच असते. जड कुंदनचं पदक अशा वेळी कपाळापासून सुटून पुढे लोंबकळतं आणि मान वर केली की भलतीकडेच जाऊन बसतं. पदक हलकं आणि मागून सपाट असेल तर हा त्रास कमी होतो. शिवाय मागच्या आकड्यावर सगळा भार ठेवायचा नाही. सरीच्या दोन-तीन कड्यांमधून केसांच्या रंगाच्या पिना घालून ती भांगातच बसवायची.

घागऱ्यावरचा दागिना बहुधा इमिटेशनचा असेल. त्यातल्या निकेलने बऱ्याच जणींच्या कपाळाला खाज येते, लाल चट्टा उठतो. आठवडाभर आधी घरी तासभर घालून बघा. त्रास झालाच तर पदकाच्या मागच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मोत्यांच्या बिजवऱ्यावर मात्र हा प्रयोग करू नका, आणि हेअर स्प्रे मारून झाल्यावरच तो डोक्यावर चढवा, स्प्रेने मोत्यांची झळाळी जाते.