निधन कुठे सुखद असते का?

प्रश्न असा आला आहे : ‘आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणाला नात झाली, कोण निवृत्त झाले, कुणाची बायपास झाली, सगळे तिथेच कळते. मागच्या आठवड्यात एकाने “वडिलांचे दुःखद निधन झाले” असे लिहिले. लगेच दुसऱ्याने दुरुस्ती केली, “निधन कुठे सुखद असते का? नुसते निधन लिहावे.” व्याकरणाने कोण बरोबर? खाली श्रद्धांजली लिहावी की आदरांजली? एका वर्गमैत्रिणीचा तरुण मुलगा गेला तेव्हा “लहानाला श्रद्धांजली वाहत नाहीत” असेही कुणी म्हणाले. आणि साठी, लग्न अशा प्रसंगी नेमके काय लिहायचे?’

ज्याचे वडील गेले तो बरोबर. दुरुस्ती करणारा चूक.

ही दुरुस्ती मी गेली वीस वर्षे ऐकते आहे. शोकसभेत ऐकली आहे, स्मशानातून परतताना रिक्षात ऐकली आहे, आणि दर वेळी संताप आला आहे. ‘थंडगार बर्फ’ म्हणतो तेव्हा गरम बर्फही असतो असे कुणी समजत नाही. ‘काळाकुट्ट अंधार’, ‘पांढरेशुभ्र दूध’ यांतली विशेषणे निवड करायला आलेली नाहीत, स्वरूप सांगायला आली आहेत. ‘लाल साडी दे’ मधले ‘लाल’ निवड करते, कारण कपाटात हिरवीही आहे. विशेषणाची ही दोन वेगळी कामे आहेत आणि मराठीत दोन्ही रोज चालतात.

संस्कृत शिकलेले काही जण इथे ‘संभवव्यभिचाराभ्यां स्याद् विशेषणमर्थवत्’ हे वचन पुढे करतात. गुण असूही शकतो आणि नसूही शकतो, तिथेच विशेषणाला अर्थ, असा त्याचा भाव. वचन खरे आहे, पण ते शास्त्रातल्या व्याख्या पारखण्यासाठी आहे. पहाटे साडेपाचला दवाखान्याच्या जिन्यावर बसून मुलाने लिहिलेल्या ओळीवर ते लावणे म्हणजे सोन्याच्या काट्यावर भाजी तोलणे. शिवाय ‘दुःखद’ला इथे स्वतःचे काम आहेच. वर्तमानपत्र ‘निधन’ असे कोरडे छापते, कारण ते त्रयस्थ असते. मुलगा ‘दुःखद निधन’ लिहितो तेव्हा ते दुःख त्याचे असते. या विशेषणातून बातमी कोण देतो आहे ते कळते.

आता मूळ शब्दाकडे. शोकसभांतले वक्ते ‘निधन म्हणजे देहरूपी धन निघून जाणे’ असे ठोकून देतात. ते साफ खोटे आहे. धन नाही असे म्हणायला ‘निर्’ लागतो, म्हणून निर्धन. निधनात ‘नि’ आहे, खाली किंवा आत या अर्थाचा, आणि पुढे ‘धा’ हा धातू, ठेवणे या अर्थाचा. निधन म्हणजे खाली ठेवणे. निधी म्हणजे जपून ठेवलेले, निधान म्हणजे ठेवण्याची जागा किंवा ठेवा. तुमच्या ग्रुपने शाळेच्या छपरासाठी काही गोळा केले असेल तर तो निधी आणि ही निधनवार्ता, दोन्ही एकाच धातूची लेकरे.

पण मला या शब्दाने वेड लावले ते याच्याही पलीकडच्या एका अर्थाने. सामवेदात साम गातात त्याचे भाग पाडलेले असतात : प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि निधन. (यातला प्रस्ताव आज सोसायटीच्या सभेत मांडला जातो आणि उपद्रव उंदरांचा होतो. शब्द कुठून निघून कुठे पोचतात ते पाहा.) गाणारे ऋत्विज तीन. प्रस्ताव प्रस्तोता गातो. उद्गीथ उद्गात्याचा. प्रतिहार प्रतिहर्त्याचा. उपद्रव पुन्हा उद्गात्याकडे. आणि शेवटचा भाग, निधन, तिघे मिळून गातात. आधी ज्याचा त्याचा स्वर, शेवट सगळ्यांचा एकत्र.

शब्दकोशकार हा अर्थ ‘मरण’ या अर्थाशेजारी वेगळा क्रमांक देऊन ठेवतात, जणू दोघांची ओळखच नाही. मला हे मान्य नाही. माझ्या मते मरणाला निधन म्हणण्याची रीत या गाण्याच्या शेवटातूनच आली किंवा निदान त्याने पक्की झाली, आणि माझा साक्षीदार भक्कम आहे. छांदोग्य उपनिषदाचा दुसरा अध्याय सगळ्या जगावर साम बसवत जातो. ऋतूंमध्ये वसंत हिंकार (गाण्याआधीचा ‘हिं’ हा उच्चार), ग्रीष्म प्रस्ताव, वर्षा उद्गीथ, शरद प्रतिहार, हेमंत निधन. पावसात ढग जमतो तो प्रस्ताव, कोसळतो तो उद्गीथ, वीज चमकते आणि गडगडते तो प्रतिहार, पाऊस थांबतो ते निधन. मग नवव्या खंडात सूर्याचा दिवस येतो. सूर्य नुकताच मावळला, तो क्षण निधन. आणि तिथे उपनिषद म्हणते, ‘तदस्य पितरोऽन्वायत्तास्तस्मात्तान्निदधति’, म्हणजे त्या क्षणाशी पितर जोडलेले आहेत, म्हणून त्यांना खाली ठेवतात. शंकराचार्यांचे भाष्य इथे दर्भांवर ठेवणे सांगते. एका वाक्यात सूर्यास्त, सामाचा शेवट, पितर आणि ‘निदधति’ हे क्रियापद! शब्द स्वतःची व्युत्पत्ती स्वतःच सांगतो आहे. याच्यापुढे कोशातले वेगवेगळे क्रमांक मला पटवून घेता येत नाहीत.

गीतेतले ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ सगळ्यांना पाठ असते. अमरकोशही मरणाच्या पर्यायांत ‘मरणं निधनोऽस्त्रियाम्’ असे सांगून पुढे जातो. त्या दोन्ही ठिकाणी अर्थ आधीच घट्ट झालेला आहे. तो कोणत्या वाटेने आला ते पाहायचे असेल तर छांदोग्यच उघडावे लागते.

मी 1975 साली शालान्त परीक्षा दिलेली, जुन्या अकरावीची. त्याच वर्षी नवी दहावीही परीक्षेला बसली होती, त्यामुळे आमच्या ग्रुपवर दोन्ही वर्गांची माणसे आहेत. दोन वर्षांपूर्वी एकाने पहाटे लिहिले, ‘अण्णांचे रात्री दुःखद निधन झाले. दहाला राहत्या घरून निघू.’ हा माणूस ग्रुपवर कधी अंगठ्यापलीकडे काही टाकत नाही. पंधरा मिनिटे कुणीच काही लिहिले नाही. मग एकीने लिहिले, ‘अण्णांनी मला सायकल शिकवली होती.’ दुसऱ्याने लिहिले, ‘गणपतीत त्यांच्या हातची खिरापत मिळायची.’ मग एकामागून एक पस्तीस जण आले. अण्णांना सगळेच ओळखत होते, कारण शाळेच्या फाटकासमोर त्यांचे शिलाईचे दुकान होते आणि आमच्या निम्म्या गणवेशांची काजे त्यांनीच केली होती. वाचताना मला सामाच्या शेवटाचीच आठवण येत होती.

आता श्रद्धांजली. तुमच्या ग्रुपवर हा शब्द निम्मे लोक ‘श्रध्दांजली’ असा लिहीत असतील. चौकातल्या फलकांवरही तसाच असतो. तो अशुद्ध आहे, आणि का ते व्युत्पत्तीच सांगते. श्रद्धा म्हणजे ‘श्रत्’ अधिक ‘धा’. पुन्हा तोच धा! ‘श्रत्’मधला त् पुढच्या ध मुळे द् होतो, म्हणून आधी द, मग ध. मोबाइलवर द, हलन्त, ध असे टाका, जोडाक्षर आपोआप बसते. पारंपरिक द्ध मध्ये द वर असतो आणि ध त्याच्या पोटाशी लटकतो. ते न दिसल्याने लोक अर्धा ध आधी काढतात. शुद्ध, बुद्धी, युद्ध, प्रसिद्ध, सगळीकडे द आधी.

‘श्रत्’ म्हणजे काय, यावर माझे निघंटूशी, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन कोशाशी, भांडण आहे. निघंटू त्याला सत्याच्या नावांत घालतो. त्या कोशावर ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्कांच्या परंपरेतले पंडित आजही श्रद्धा म्हणजे सत्याला धरून ठेवणे असे सांगतात. परंपरेचा मला आदर आहे, पण इथे ती अर्ध्यावर थांबते. संस्कृतातल्या श् ला लॅटिनमध्ये पुष्कळदा क् भेटतो : शत आणि केंटुम, श्वन् आणि कानिस. तसा ‘श्रत्’ समोर लॅटिनमधला ‘कोर’, षष्ठीत ‘कोर्दिस’, म्हणजे हृदय. आणि श्रद्धेची लॅटिन बहीण ‘क्रेडो’, मी विश्वास ठेवतो. तिच्यातूनच आपल्या खिशातल्या क्रेडिट कार्डाचे ‘क्रेडिट’ आले. श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे. ज्यावर हृदय ठेवले तेच माणसाला सत्य वाटते, म्हणून निघंटूचा अर्थ निघाला, पण तो नंतरचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेचे स्वतंत्र सूक्त आहे, ‘श्रद्धयाग्निः समिध्यते’ असे सुरू होणारे. ते हृदय या अर्थाने वाचून पाहा. श्रद्धेने अग्नी पेटतो, म्हणजे हृदय ठेवल्याने. सगळे सूक्त उजळते.

म्हणून ‘लहानाला श्रद्धांजली वाहत नाहीत’ हे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. श्रद्धा म्हणजे थोरामोठ्यांपुढे मान तुकवणे, एवढाच अर्थ डोक्यात ठेवल्याने हे होते. हृदय लहानावर ठेवता येते, आणि ठेवलेले असतेच. वर्गमैत्रिणीच्या तरुण मुलाला श्रद्धांजलीच वाहायची. आदरांजली हा नवा, मुद्दाम घडवलेला शब्द आहे. पुण्यतिथीला, सार्वजनिक व्यक्तीला तो शोभतो. घरच्या ताज्या दुःखात तो मला दूरचा वाटतो. अंजली म्हणजे आपली ओंजळ. मराठीतली ओंजळ त्या अंजलीतूनच झिजून आली. ओंजळभर हृदय. मेलेल्याला तीळपाणी देतात ती तिलांजली, आणि आपण ‘विडीला तिलांजली दिली’ म्हणतो तेव्हा नकळत विडीचे तर्पण करत असतो.

एका जुन्या रिवाजाची आठवण होते. माझ्या लहानपणी घरी मृत्यूची बातमी पोस्टकार्डावर यायची. त्यावर वर ‘श्री’ नसायचा. आई पहिल्या जागेकडे पाहूनच समजायची, मग वाचायची, आणि वाचून झाल्यावर ते कार्ड फाडून टाकायची, घरात ठेवायची नाही. लग्नपत्रिकेला चारी कोपऱ्यांना कुंकू असायचे, ती मात्र देवापुढे. बातमी कोणती ते पहिल्या अक्षराआधीच कळत असे. आता दोन्ही एकाच पडद्यावर, एकाखाली एक येतात. नातवाच्या बारशाचा फोटो आणि त्याखाली निधन. म्हणूनच आज शब्दांवर जास्त भार येतो, आणि तो भार पेलणाऱ्या ‘दुःखद’ला काढून टाका असे सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

आनंदाच्या प्रसंगांचे थोडक्यात. वाढदिवसाला ‘अभीष्टचिंतन’, भी दीर्घ, कारण अभि आणि इष्ट. फलकांवरचे ‘अभिष्टचिंतन’ चूक. लग्न ठरले, नात झाली, बढती मिळाली तर अभिनंदन. साठीला, प्रवासाला, शस्त्रक्रियेआधी शुभेच्छा, कारण त्या पुढच्या काळासाठी असतात. निवृत्तीला दोन्ही चालतात, काम झाले त्याचे अभिनंदन, पुढच्या दिवसांना शुभेच्छा. आणि कृपा करून ‘माजी वर्गमित्र’ लिहू नका. विद्यार्थी माजी होतो, मंत्री माजी होतो. वर्गमित्र हा शब्द आधीच भूतकाळ पोटात घेऊन बसला आहे.

आणखी एक, विचारलेले नाही तरी सांगते. आमच्यातल्या एका बौद्ध मित्राने आईच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहिले. एकाने सद्हेतूनेच त्याला ‘कैलासवासी’ असा शब्द सुचवला. तसे करू नये. घरच्यांनी लिहिलेला शब्दच ठेवावा, मग तो कैलासवासी असो, वैकुंठवासी असो, पैगंबरवासी असो की ख्रिस्तवासी. कालकथित हे मला पालीतल्या ‘कालकत’चेच रूप वाटते. पालीत मरणे याला ‘कालं करोति’ म्हणतात, काळ करणे, आणि कालकत म्हणजे ज्याने आपला काळ केला तो. मराठीत येताना ‘कत’ अनोळखी वाटला असावा, म्हणून जवळचा ‘कथित’ तिथे येऊन बसला. हे मी त्या मित्राला फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, आई पाली शिकायला बसायची, साठीनंतर, वहीत अक्षरे गिरवत. ती वही अजून त्याच्याकडे आहे.