रोमन सम्राट हेड्रियन वाचायला घेतोयस तर आधी हे बघ
अरे सुरुवात भिंतीपासून करू नकोस, सगळे तीच चूक करतात. ब्रिटनमधली ती भिंत साधारण 117 किलोमीटरची, इ.स. 122 च्या आसपास काम सुरू झालं, ठीक आहे, पण ती का बांधली हे कळायला आधी 117 साल नीट वाच. आधीचा सम्राट ट्राजन वारला, हेड्रियन गादीवर आला आणि लगेच मेसोपोटेमिया वगैरे नुकताच जिंकलेला भाग सोडून दिला, म्हणजे आता वाढवायचं नाही तर आहे ते सांभाळायचं, भिंत त्यातूनच आली.

मग रोममधल्या पँथिऑन या देवळाच्या दर्शनी भागाचा फोटो झूम करून बघ. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की मार्कस अग्रिप्पाने (हेड्रियनच्या शतकभर आधीचा रोमन सेनापती) बांधलं, आणि लोक कितीतरी वर्षं तेच खरं मानून चालले, पुढे विटांवरच्या शिक्क्यांवरून कळलं की आजची इमारत ट्राजनच्या शेवटी सुरू होऊन हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेली आहे. स्वतःचं नाव न टाकता जुनंच ठेवलं त्याने! मला हा माणूस तिथेच आवडायला लागला.

पण म्हणून ज्युडिया, म्हणजे ज्यू लोकांचा प्रांत, गाळू नकोस प्लीज. जेरुसलेमच्या जागी एलिया कॅपिटोलिना ही रोमन वसाहत, 132 चा ज्यू नेता बार कोखबाचा उठाव, तो मोडताना झालेला भयानक संहार आणि नंतर प्रांताचं नावच बदलून सीरिया पॅलेस्टिना, हेही त्याच राजाने केलंय. आणि 'हिस्टोरिया ऑगस्टा' या रोमन सम्राटांच्या जुन्या चरित्रसंग्रहामधले चटपटीत किस्से दुसरीकडे पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नकोस, त्यात बरंच बनावट आहे.