‘कंटॅमिनेटेड’चा नेमका अर्थ काय? ‘पोल्युटेड’हून तो वेगळा कसा?

शब्दकोशात ‘दूषित’ दिलंय, परीक्षेपुरतं तेवढं पुरे. ‘बाटलेलं’ मात्र चुकूनही म्हणू नका. मी म्हणालो आणि सख्खा काका दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. एका पावसाळ्यात काकाच्या आळीत घरोघरी हगवण लागली. मी तेव्हा बीएस्सीला. जलसुरक्षकासोबत जाऊन काकाच्या विहिरीचं पाणी एचटूएसच्या कुपीत भरलं, पाण्यात घाणीतले जंतू असले की ती काळी पडते; दुसऱ्या दिवशी कुपी काळीकुट्ट. नंतर प्रयोगशाळेचा कागद आला, त्यावर इंग्रजीत ‘कंटॅमिनेटेड’. पारावर लोकांनी विचारलं, म्हंजे काय? मी शहाणपणा केला: “विहीर बाटली.”

काका उसळला. “माह्या विहिरीले बाटली म्हनतं? कोन शिवलं तिले? पानी पाय, काचेवानी हाय!”

गंमत अशी की प्रश्न बरोबर होता. या शब्दाचं लॅटिन मूळ ‘स्पर्श’ हेच. पण माणसाचा नाही, घाणीचा! विहिरीपासून दहा पावलांवर काकाचाच उकंडा, गोठ्याचं पाणीही तिकडेच उताराला. १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा तळं बाटलं म्हणून लोकांनी त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. इंग्रजी अर्थानं तळं कंटॅमिनेट केलं ते त्या घागरींनी.

बाकी वापर सोपा आहे. नदी, हवा असं मोठ्या प्रमाणावर नासलं की पोल्युटेड. नको ती गोष्ट आत शिरली, चिमूटभर का असेना, डोळ्यांना दिसो न दिसो, की कंटॅमिनेटेड. पाणी, रक्त, सुई, अन्न, सगळ्याला चालतो. पुढे ‘विथ’ लावून काय शिरलं ते सांगायचं. गवळ्यानं दुधात मुद्दाम पाणी घातलं तर ती भेसळ, तिथे अॅडल्टरेटेड.

हो, एक राहिलं. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असतं, ते खडकातूनच येतं. कोणाचा दोष नसला तरी लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्यालाही कंटॅमिनेटेडच म्हणतात. आणि ते उकळून जात नाही. जंतू जातात.

काका, कोणी हे वाचून दाखवलंच तर ऐका: शब्द माझा चुकला. पण उकंडा अजून तिथेच आहे.